हातोडा पिनबॉलवर, लायसन्स स्लॉटला

२५ ऑक्टोबर १९९९ ला शिकागोच्या डब्ल्यूएमएस कंपनीनं, म्हणजे जिचं जुनं नाव विल्यम्स, तिनं जाहीर केलं की आता आम्ही पिनबॉल मशीन बनवणार नाही. कंपनी बुडालेली नव्हती हां. पैसा येत होता, फक्त तो दुसऱ्या खात्यातून येत होता आणि ते खातं म्हणजे कॅसिनोत ठेवायची स्लॉट मशिनं. पिनबॉलवाले लोक ही गोष्ट सांगायला लागले की एकदम हळवे होतात, आमच्या लाडक्या कंपनीला शेअर बाजारानं मारलं वगैरे. असेल. पण मला या कंपनीच्या सगळ्या इतिहासात वेगळीच गोष्ट दिसते. ज्या मशीनवर सरकारनं पस्तीस-चाळीस वर्षं जुगार म्हणून बंदी घातली ते बंद पडलं, आणि जे मशीन खरोखर जुगाराचंच होतं त्याला त्याच काळात लायसन्स मिळत गेलं, आणि हे सगळं एकाच कारखान्याच्या छपराखाली झालं. हे कायद्यानं चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे झालं असं माझं म्हणणं आहे. तो प्रश्न म्हणजे "हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?" आपणही १९५७ पासून तोच विचारत बसलोय, आत्ता आत्ता जरा भानावर येतोय, तेही अर्धवट.

आधी मशीन काय ते सांगतो कारण आपल्याकडे बहुतेकांनी पिनबॉल बघितलंय ते विंडोज एक्सपीवरचं, स्पेस कॅडेट, सायबर कॅफेत किंवा ऑफिसात साहेब नसताना. खरं मशीन म्हणजे काचेखाली साधारण साडेसहा अंशांचा उतार, त्यावर ८० ग्रॅमच्या आसपासची पोलादी गोळी, खाली दोन फ्लिपर, म्हणजे गोळीला परत वर मारणारे छोटे हात, आणि ते हलवायला दोन्ही बाजूंना बटणं. फ्लिपरच्या मधून गोळी खाली गेली की गेली. एका गेममध्ये तीन गोळ्या, पूर्वी पाच असायच्या. आपल्याकडे जुन्या घरांत खिळे ठोकलेला बगाटेलचा बोर्ड असायचा ना, त्याच घराण्यातलं हे, १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हनं बगाटेलला स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं तिथून ही गाडी सुरू होते.

मग १९३१. जागतिक मंदी, लोकांच्या खिशात पेनी सोडून काही नाही, आणि शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबनं बॅफल बॉल नावाचं काउंटरवर ठेवायचं मशीन काढलं, किंमत साडेसतरा डॉलर, पन्नास हजारांच्या वर खपलं. गॉटलिबला मागणी पुरवता येईना म्हणून त्याचा एक वितरक रेमंड मोलोनी यानं १९३२ ला स्वतःचंच मशीन काढलं, बॅलीहू, आणि त्यावरून त्याच्या कंपनीचं नाव पडलं बॅली. तिसरा माणूस हॅरी विल्यम्स, इंजिनियरिंग शिकलेला, कॅलिफोर्नियात मशिनं जुळवत बसलेला. लोक मशीन उचलून, हलवून, खालून बुक्के मारून गोळी हवी तिकडे नेतात हे बघून त्यानं चौकटीला खालून खिळे मारले म्हणतात. मग त्याचं त्यालाच ते भयंकर वाटलं आणि त्यानं जरा सभ्य उपाय काढला, आधी एका छोट्या दांडीवर ठेवलेली गोळी आणि नंतर लंबक, मशीन जास्त हललं की खेळ बंद. तेच टिल्ट. आजही प्रत्येक पिनबॉलमध्ये ते आहे आणि गंमत म्हणजे थोडं हलवलेलं चालतं, किती हलवायचं ते कळणं हीच तर खरी कला मानली जाते. १९३३ च्या त्याच्या काँटॅक्ट मशीनमध्ये वीज आली, गोळी खड्ड्यातून उडवून बाहेर टाकणारं सोलेनॉइड आलं. १९४३ ला त्यानं शिकागोत विल्यम्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली.

म्हणजे बघा, तीन कंपन्या, गॉटलिब, बॅली, विल्यम्स, एकाच शहरात. आणि त्या शहरातच पिनबॉल खेळायला १९७० च्या दशकापर्यंत बंदी. बनवा, ट्रकमध्ये भरा, बाहेर पाठवा, पण इथं खेळू नका.

बंदी का होती हे समजून घेतलं पाहिजे, कारण पिनबॉलप्रेमींच्या गोष्टीत न्यूयॉर्कचा महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया हा एकदम व्हिलन असतो, हातोडा घेऊन मशिनं फोडतानाचे त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. जानेवारी १९४२ ला त्यानं पोलीस पाठवले, शेकड्यानं मशिनं उचलली, फोडली, धातू युद्धासाठी गेला आणि मशिनच्या लाकडी पायांपासून पोलिसांसाठी लाठ्या केल्या असं सांगतात. आता थोडा वेळ ला ग्वार्डियाच्या बाजूनं बघा. १९४२ मध्ये फ्लिपर नव्हतेच! ते आले १९४७ ला, गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टी मशीनमध्ये, हॅरी मॅब्जनं केलेले. त्याआधी दट्ट्या ओढायचा, सोडायचा आणि फार तर मशीनला धक्के देत बघत बसायचं. आणि कित्येक मशिनं सरळ पैसे द्यायची, बॅलीचं १९३३ चं रॉकेट तर जिंकलं की स्वतःच नाणी बाहेर टाकायचं. जिथं मशीन पैसे देत नव्हतं तिथं दुकानदार गल्ल्यातून द्यायचा. शाळकरी पोरं डब्याचे पैसे त्यात घालायची ही तक्रार खोटी नव्हती. त्यामुळे १९४२ चा हातोडा पूर्णपणे चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. चूक झाली ती पुढं. मशीन बदललं आणि कायदा तिथंच थिजून राहिला, कारण बंदीचं कारण "हे मशीन पैसे देतं" असं लिहायच्या ऐवजी "यात कौशल्य नाही, नशीब आहे" असं लिहिलेलं होतं. पाच वर्षांत फ्लिपर आले आणि ते कारणच लंगडं झालं, तरी बंदी आणखी २९ वर्षं चालली.

या २९ वर्षांत कंपन्यांनी काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. जिंकल्यावर पैसे नाही तर एक फुकट गेम द्यायचा, तर काही राज्यांतल्या कायद्यात फुकट गेम हीसुद्धा किंमत असलेली वस्तू धरली गेली, म्हणजे जुगारच. मग गॉटलिबनं १९६० ला फ्लिपर नावाचं मशीन काढलं, त्यात फुकट गेम नाही, चांगलं खेळलात तर याच गेममध्ये जादा गोळी. खेळ वाढला, जिंकलं काहीच नाही, वकील खूश. दुसऱ्या बाजूला बॅलीनं बिंगो पिनबॉल काढले, त्यात फ्लिपर नाहीत, गोळ्या भोकात पडतात, आकडे जुळले की फुकट गेम जमा होतात, शेकड्यानं जमा होऊ शकतात आणि आता तुम्हीच सांगा कोण माणूस बारमध्ये उभं राहून दोनशे गेम फुकट खेळतो, दुकानदार त्याचे पैसे देऊन मोकळा व्हायचा. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं या असल्या मशिनना जुगाराचं साधन ठरवलं. या निकालात कोर्ट बरोबर जागी पोचलं होतं असं मला वाटतं, मशीन दिसतं कसं ते न बघता पैसा कसा फिरतो ते बघितलं. पण हा शहाणपणा शहरांपर्यंत झिरपला नाही, तिथं फ्लिपरवाली बिचारी मशिनंही त्याच गाळणीत अडकलेली राहिली.

आणि याच काळात सरकारं स्वतः काय करत होती? न्यूयॉर्क राज्यानं १९६७ ला स्वतःची लॉटरी सुरू केली. म्हणजे नऊ वर्षं अशी होती की न्यूयॉर्क शहरात पिनबॉल खेळणं बेकायदेशीर, का तर त्यात नशीब आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात राज्याचंच लॉटरीचं तिकीट मिळतंय ज्यात नशिबाशिवाय दुसरं काही नाही. मला वाटतं या एका गोष्टीवर ती चर्चा तिथंच संपायला हवी होती.

संपली ती १९७६ ला, तीही विनोदी पद्धतीनं. न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलच्या कमिटीसमोर रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला बोलावलं, पिनबॉल कौशल्याचा खेळ आहे हे दाखव म्हणून. मशीन आणलं होतं, पण एका कौन्सिलरला संशय आला की यात काहीतरी करून ठेवलं असणार, म्हणून राखीव ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवर खेळायला लावलं. शार्प खेळला, समजावून सांगितलं, तरी चेहरे काही हलेनात. शेवटी त्यानं सांगितलं की मी आता दट्ट्या ओढतो, गोळी मधल्या वाटेनं जाईल. गेली. कमिटी पटली. नंतर त्यानंच कबूल केलं की तो फटका बराचसा नशिबानं लागला! फ्लिपरचा खेळ कौशल्याचा आहे हे दट्ट्याच्या एका फटक्यानं सिद्ध झालं आणि तो फटकाही लक. (हाच शार्प पुढे विल्यम्समध्ये नोकरीला लागला, असो.) कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं १९७४ ला लॉस एंजेलिसची बंदी याच मुद्द्यावर काढली होती, पिनबॉलमध्ये कौशल्य जास्त. निकाल चांगला, पण प्रश्न तोच जुना.

आणि १९७६ च्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेजारी न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली. १९७८ ला पहिला कॅसिनो उघडला. बॅलीकडे तोपर्यंत मनी हनी हे इलेक्ट्रोमेकॅनिकल स्लॉट होतं, १९६० च्या दशकातलं, एका वेळी ५०० नाणी आपोआप बाहेर देऊ शकणारं, आणि स्लॉटच्या धंद्यात बॅली राजा झालेली होती. अटलांटिक सिटीत तिला स्वतःचाच कॅसिनो काढायचा होता, त्यासाठी १९७९ ला तिचा प्रमुख विल्यम ओ'डॉनेल याला बाहेर जावं लागलं कारण न्यू जर्सीला त्याचे जुने संबंध पटले नाहीत. माणूस गेला, मशिनं आत आली.

आता विल्यम्स. हॅरी विल्यम्स १९५० च्या दशकाच्या शेवटी बाहेर पडला होता, त्याच्यानंतर कंपनी सॅम स्टर्न चालवत होता, १९६४ ला ज्यूकबॉक्सवाल्या सीबर्गनं कंपनी घेतली, मग सीबर्ग बुडाली आणि निकास्ट्रो कुटुंबाच्या हातात विल्यम्स वेगळी झाली. मालकी बदलण्याचं हे पुराण मी इथंच सोडतो, ते कंटाळवाणं आहे. मशिनं मात्र कंटाळवाणी नव्हती. १९७९ चं गॉर्गार हे बोलणारं पहिलं पिनबॉल, एकूण सात शब्द यायचे त्याला. १९८० चं ब्लॅक नाइट, स्टीव्ह रिचीचं, दोन मजली, आणि गोळी चुकीच्या बाजूनं चालली तर बटण दाबून चुंबकानं धरून ठेवायची सोय. मग व्हिडिओ गेम आले आणि सगळ्यांचं पिनबॉल झोपलं, १९८४ च्या स्पेस शटलनं विल्यम्सचं परत उठलं. १९८६ चं हाय स्पीड परत रिचीचंच, स्वतःच्या गाडीमागे पोलीस लागले त्यावरून सुचलेलं, सतरा हजारांच्या वर खपलं.

हाय स्पीडमध्ये एक गोष्ट होती जी माझ्या मुद्द्याला फार महत्त्वाची आहे. फुकट गेम मिळायला किती स्कोर हवा हे तोपर्यंत मशीनवाला हातानं ठरवायचा. हाय स्पीडनं ते स्वतः करायला सुरुवात केली, म्हणजे त्या जागी येणारे लोक कसे खेळतात ते मशीन बघणार आणि मालकानं ठरवलेल्या टक्क्यांइतकेच फुकट गेम जातील असा आकडा वरखाली करत राहणार. खेळणारे पोचलेले असतील तर आकडा वर. म्हणजे कौशल्याचा खेळ म्हणता ना, तर बघा, कौशल्य वाढलं तरी मालकाचा हिशोब बदलत नाही. शिवाय गेम संपल्यावर शेवटचे दोन आकडे जुळले तर फुकट गेम, तिथंही शक्यता मालक मेनूत जाऊन बदलू शकायचा. पिनबॉल एकदम निष्पाप आहे असं म्हणणाऱ्यांनी हे मेनू एकदा बघावेत. गोळी लवकर खाली जावी यातच मालकाचा फायदा असतो, बाजूच्या वाटा थोड्या रुंद करता येतात, उतार वाढवता येतो, सगळे करतात.

मग फरक काय राहिला? फरक असा की हे सगळं करूनही तुमचं नुकसान एका नाण्याचं. नाणं टाकलंत, तीन गोळ्या मिळाल्या, मिळाला तर आणखी एक गेम. पैसे परत मिळण्याची आशाच नाही, त्यामुळे गेलेले पैसे काढायला आणखी पैसे घालायचे हा जो जुगाराचा खरा गळफास आहे तो इथं बसतच नाही. पिक्चरचं तिकीट काढल्यासारखं आहे, पिक्चर भिकार निघाला तर चरफडत घरी जाता, तिकिटाचे पैसे वसूल करायला दहा तिकिटं घेत नाही. आणि फुकट गेमचा स्कोर मशीनवर उघड दाखवलेला असतो, लबाडी असली तरी काचेसमोर आहे.

याच कंपनीच्या दुसऱ्या खात्यात काय चाललं होतं ते बघा. जुन्या स्लॉटमध्ये चाकं खरी फिरायची, एका चाकावर वीसबावीस जागा, तीन चाकं, म्हणजे जॅकपॉटची शक्यता डोळ्यांनी मोजता यायची. १९८४ ला इंगे टेलनेस या माणसाला एक पेटंट मिळालं ज्यात चाक फक्त दाखवायला उरलं. आत कॉम्प्युटर आकडा काढतो, तो आकडा चाकावरच्या एखाद्या जागेशी जोडलेला असतो, आणि आकडे जागांपेक्षा कितीतरी जास्त ठेवता येतात. मग जॅकपॉटच्या चित्राला एकच आकडा द्यायचा आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर. खेळणाऱ्याला दिसतं की अरे, एका घरानं हुकलं! खरं तर काही हुकलेलं नसतं, आकडा केव्हाच निघालेला असतो. हे पेटंट आयजीटी या कंपनीकडे होतं आणि डब्ल्यूएमएसनं आपल्या स्लॉटमध्ये तसंच तंत्र वापरलं म्हणून खटला झाला, जुलै १९९९ मध्ये अपील कोर्टानंही उल्लंघन झाल्याचं धरलं. तारीख बघा. जुलैमध्ये चाकाला खोटं बोलायला लावायच्या तंत्रावरून कोर्टात, ऑक्टोबरमध्ये पिनबॉल बंद.

डब्ल्यूएमएसनं पिनबॉलसाठी काहीच केलं नाही असंही नाही. १९८८ ला बॅलीचा पिनबॉलचा धंदा त्यांनीच विकत घेतला होता, बॅलीला तेव्हाच कॅसिनो जास्त गोड लागायला लागले होते. १९९२ ला पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांनी केलेलं अ‍ॅडम्स फॅमिली बॅलीच्या नावानं निघालं, २०,२७० मशिनं, इतकं खपलेलं दुसरं इलेक्ट्रॉनिक पिनबॉल नाही. पण १९९७ चं मेडिव्हल मॅडनेस, ज्याला आज लोक डोक्यावर घेतात, ते फक्त ४,०१६. घरात प्लेस्टेशन आलेलं, आर्केड रिकामे पडलेले. कंपनीनं आपल्या लोकांना सांगितलं की काहीतरी नवीन करा नाहीतर बंद करतो, तर त्यांनी पिनबॉल २००० केलं, वरच्या मॉनिटरचं चित्र काचेवर असं पडायचं की गोळी थेट परग्रहवासीयाला लागतेय असं वाटावं. जॉर्ज गोमेझचं रिव्हेंज फ्रॉम मार्स १९९९ ला आलं, ६,८७८ निघाली. दुसरं स्टार वॉर्सवरचं, ३,५२५. आणि मग ऑक्टोबर.

इथं कंपनीचा प्रमुख नील निकास्ट्रो याला शिव्या घालणं सोपं आहे पण मी घालणार नाही. १९९६ ला त्यांच्या स्लॉट खात्यानं रील एम इन नावाचं व्हिडिओ स्लॉट काढलं होतं, मासे पकडायचं, दुसऱ्या स्क्रीनवर बोनस, मस्त चाललं. पिनबॉल मशीन म्हणजे साधारण अर्धा मैल वायर, हजारो पार्ट, रबर तुटतं, बल्ब जातात, दुरुस्तीला माणूस लागतो. स्लॉट हे एक बंद कपाट, आत चिप, आणि कॅसिनो दुसरं घ्यायला तयारच आहे. त्याच्या खुर्चीत कोणीही बसवा, हिशोब तोच निघेल. माझा प्रश्न त्याच्या मागचा आहे. हा हिशोब असा का निघतो? कारण एक मशीन तुमचा पाऊण तास विकतं आणि दुसरं तुमचा पगार घेतं, आणि कायद्यानं दुसऱ्याला घर बांधून दिलं. बाजारानं ठरवलं म्हणतात लोक, पण बाजार कुठला, १९६७ ते १९९९ मध्ये एकेक राज्य लॉटरी आणि कॅसिनो उघडत गेलं, लायसन्स कोणाला ते सरकारनं ठरवलं, मग कंपनी तिकडे गेली.

पुढचं थोडक्यात. २०१३ ला डब्ल्यूएमएस सायंटिफिक गेम्सनं सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली, २०१४ ला त्यांनीच बॅलीही घेतली, २०२२ ला कंपनीचं नाव झालं लाइट अँड वंडर. दोन जुने पिनबॉलवाले एका छपराखाली, आणि नावं स्लॉटवर. पिनबॉल जगलं ते सॅम स्टर्नच्या मुलामुळे, गॅरी स्टर्न, त्यानं १९९९ लाच सेगाचं पिनबॉल खातं घेतलं आणि नंतर बरीच वर्षं जगात मोठी पिनबॉल कंपनी अशी तीच एक उरली होती.

आता आपल्याकडे या. १९५७ ला सुप्रीम कोर्टानं चमारबागवाला खटल्यात, जो मुंबई राज्याच्याच कायद्यावरचा होता, स्पर्धेत बऱ्यापैकी कौशल्य असेल तर तो जुगार नाही अशी रेघ मारली. १९६८ ला रमी कौशल्याची ठरली, १९९६ ला घोड्यांच्या शर्यती. १९९५ ला मात्र व्हिडिओ गेम पार्लरच्या एका खटल्यात, कर्नाटकातल्या, कोर्टानं एक शहाणी गोष्ट लक्षात घेतली होती की मशीनच्या आत असं काही करून ठेवता येतं की खेळणारा कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. तो धागा कोणी पुढे ओढला नाही. २०१९ ला मुंबई हायकोर्टानंही फँटसी क्रिकेट कौशल्याचं आहे म्हणून सोडलं. बरोबर आहे, कौशल्य असेलही त्यात. पण एखाद्या पोरानं उधारीवर पैसे घेऊन टीम लावल्या आणि तो बुडाला, तर त्याचा बाप कौशल्याची टक्केवारी विचारत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पहिल्यांदाच सरळ म्हटलं की कौशल्य असो, नशीब असो, दोन्ही असो, पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. नुसतं खेळायला मिळावं म्हणून फी किंवा सबस्क्रिप्शन घेतलं तर चालेल. मला या कायद्यातल्या सरसकट बंदीबद्दल शंका आहेत, बंद केलेलं मागच्या दारानं परदेशी साइटवरून येतं हे ला ग्वार्डियाच्या काळापासून सगळ्यांना माहितीय. पण ती जी रेघ मारलीय ना, खेळाची फी वेगळी आणि पणाला लावलेला पैसा वेगळा, ती बरोबर आहे. विल्यम्सच्या दोन खात्यांमधून नेमकी तीच रेघ जाते. कोणी म्हणेल मग ज्या गेममध्ये पैसे देऊन बंद पेट्या उघडायच्या असतात त्यांचं काय, तर तिथंही फुकट गेमसारखाच प्रश्न आहे, त्या पेटीतली वस्तू कुठे विकून पैसे होतात का ते बघा, होत असतील तर ती पणाला लावलेली रक्कम झाली.

खरा वांधा असा की ही रेघ फक्त फोनच्या आत आहे. गोव्यानं १९९२ ला आपल्या १९७६ च्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशिनं बसवायला परवानगी दिली, १९९६ ला समुद्रातल्या बोटींनाही टेबलं मिळाली, आणि आज त्या बोटी मांडवीत उभ्या आहेत. गोव्याच्या रहिवाशांना तिथं खेळायला बंदी आहे. म्हणजे सरकारला पक्कं माहितीय की हे आपल्या माणसांसाठी चांगलं नाही, पण कोल्हापूर-बेळगाव-पुण्याहून वीकेंडला गाडी करून येणारी माणसं आपली नाहीत, त्यांच्याकडून टॅक्स चालतो. आपण महाराष्ट्रवाल्यांनी फार हसायचं कारण नाही, आपणही १९७६ ला कॅसिनोचा कायदा केला होता, कधी अमलात आणला नाही आणि २०२३ ला रद्द केला, तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षं तो तसाच कागदावर.

मला विचाराल तर सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. स्लॉट ठेवायचं तर ठेवा, पण नेवाडात आणि न्यू जर्सीत किमान किती टक्के परत द्यायचं हे नियमात आहे, नेवाडात ७५, न्यू जर्सीत ८३, तसा आकडा ठरवा आणि तो प्रत्येक मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरात मराठीत, कोकणीत, हिंदीत लिहा, नाणं टाकायच्या भोकाच्या वरच. शंभर रुपये फिरवलेत तर सरासरी इतके आमचे. चाक खोटं आहे तर तेही लिहा. पिनबॉलवाला फुकट गेमचा स्कोर उघड दाखवत होता, त्याच कंपन्यांच्या स्लॉटला हे जड जायला नको. आणि गेम पार्लरमध्ये पोलीस धाड घालतात तेव्हा पंचनाम्यात कौशल्य-नशीब असल्या गप्पा न लिहिता एवढंच लिहावं की मशिनातून किंवा काउंटरवरून पैसे परत मिळतात का. मिळत नसतील तर पोरांना खेळू द्या.

यावर मंत्रालयातून उत्तर येईल की महसूल बुडेल, आणि तो मुद्दा खोटा नाही, फक्त तो मांडणाऱ्यांनी आधी आपल्याच खात्याकडे बघावं, कारण १९६९ पासून महाराष्ट्र राज्य लॉटरी चालू आहे आणि तिच्यात कौशल्य किती टक्के आहे हे अजून कोणी कोर्टात जाऊन सिद्ध केलेलं नाही.